नाव न घेता

५ जानेवारी १९५८, रविवार
आज सभेत कमलाक्षीनं सगळ्यांसमोर म्हटलं की सभ्यपणाच्या सूचना प्राणेशनंच, म्हणजे मीच, लिहाव्यात. त्या क्षणी माझं आयुष्य बदललं.
आमच्या मराठी मंडळाचं हस्तलिखित मासिक तंजावुरात घरोघर फिरतं. शेवटी अभिप्रायाला कोरी पानं. तिथं हल्ली भांडणं. (मी भांडत नाही. करेक्शन करतो. लाल शाईनं.)
संध्याकाळी सूचना तयार. लिखाणावर बोलावं, लिहिणाऱ्यावर नाही. चुकलेल्याचं नाव चारचौघांत घेऊ नये. अध्यक्ष हनुमंतराव म्हणाले, आधी अंगवळणी पडू देत, मग नियम करू. म्हातारपण!

१२ जानेवारी
अंकात कमलाक्षीच्या वडिलांचा, तुळजाराममामांचा लेख. कावेरीचा पूर. मराठी, पण तमिळ अक्षरांत! मी पुण्यात दीड वर्ष कॉलेज केलेला माणूस. (सोडलं ते प्रोफेसरच्या अरेरावीमुळे.) राहवलं नाही. लिहिलं: ही मराठी नव्हे, रसम; लेखकानं भात घेऊन बसावं.
लिखाणावरच बोललो.

२६ जानेवारी
सूचना चालल्या! एकमेकांना गाढव म्हणणारे दोन वकील आता 'मुद्दा पटला नाही, क्षमस्व' लिहितात. सगळं श्रेय माझं.

२ फेब्रुवारी
कमलाक्षीनं जुने अंक मागून नेले. माझे अभिप्राय वाचायचेत म्हणे. सगळे! कॉफी बिनसाखरेची प्यायलो, कळलंही नाही.
ठराव: लग्न ठरेपर्यंत रागावायचं नाही.
संध्याकाळी: सायकलवाल्याशी भांडण. चूक त्याची.

९ फेब्रुवारी
सभा. कमलाक्षी म्हणाली, सूचनांनी सगळी घरं सुधारली, एक राहिलं. म्हणून नियम हवा. मग एकेक लाल अभिप्राय वाचला. नाव न घेता. सगळे सभ्यपणे छताकडे बघत होते. एकानं तरी माझ्याकडे बघायला हवं होतं.
रसमपाशी तिनं अंक मिटला. म्हणाली, अप्पांना, म्हणजे तिच्या वडिलांना, दिसत नाही; ते सांगतात, ती लिहून घेते, अभिप्रायही तीच वाचून दाखवते. रसमचं ऐकून ते हसले म्हणे. पुढचा लेख अर्धाच राहिला.
नियम: ज्याला जशी येते, ज्या अक्षरांत येते, ती मराठी. विचारल्याशिवाय करेक्शन नाही. हात वर झाले. माझाही. एकमतानं मंजूर.
मामांनी चाचपडत माझा हात धरला. म्हणाले, पोदुम रे प्राणेशा, पुरे, मनाला लावून घेऊ नको. रसम मला आवडतंच की.
माफी मागायला तोंड उघडलं. पुण्याची मराठी येईना, घरची येईना. हात सोडवून घेतला, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.