साकवापलीकडचा निरोप

सोमवार, संध्याकाळ

प्रिय रश्मी,

गुरुवारी तू छोट्या रोहिणीला घेऊन कायमची राहायला येणार आणि तीन वर्षं बंद असलेलं घर उघडणार, हे आज दुपारी शेजारच्या प्रशांतनं सांगितलं. तो उद्या सकाळच्या गाडीनं तुझ्याकडे नगरला निघालाय, म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देते. फोनवर भामामावशीचं नाव काढलं की तू लगेच विषय बदलतेस, आणि तुझ्या आईबद्दलचं हे अर्धवट सांगण्यासारखं नाही. शेवटपर्यंत वाच, मग हवं तर रागाव.

माझं संशोधन नेमकं काय, असं तू मागे विचारलं होतंस. घर म्हणजे ठिपका; एका घरानं दुसऱ्याला निरोप दिला की दोघांमध्ये रेघ. असा ग्राफ मांडायचा आणि अल्गोरिदमनं शोधायचं की कुठला एक ठिपका गेला तर निरोप पुढे जायचा थांबतो. दरडीची भीती असलेल्या वाड्यांमध्ये भोंगा कुणाच्या दारात बसवायचा, ते यावरून ठरवता येतं. म्हणून मी आपलीच वाडी घेतली. जूनमध्ये घरोघर एकच प्रश्न विचारला, डोंगर सरकायला लागला तर तुम्हाला कोण सांगेल? ओढ्यावरच्या साकवाअलीकडच्या बावीस घरांनी एकमेकांची नावं सांगितली. पलीकडच्या, तुमच्या खालच्या आळीतल्या नऊच्या नऊ घरांनी भामामावशीचं नाव घेतलं. बनुआजीला मी हळूच म्हटलं, आजी, ती तर गेली ना. तर माझ्यावरच उखडली, “गेली ते म्हाईत हाय मला. मी काय येडी हाय व्हय? तू इचारलंस कोन सांगतं, म्या सांगितलं.”

शाळेत घालण्याआधी आप्पांनी मला तीन वर्षं घरीच शिकवलं, तुला ठाऊक आहे. ते खोडरबर द्यायचे नाहीत. चुकलं तर त्यावर एक काट मारायची, पण खालचं वाचता आलं पाहिजे. मावशीच्या नावाच्या त्या नऊ रेघा मी वहीत तशाच काट मारून ठेवल्या, कंप्युटरमध्ये घातल्या नाहीत. ग्राफमधून खालची नऊ घरं लगेच तुटली. मध्ये ओढा. तीन वर्षांपूर्वी त्या पावसात मावशीनं ही नऊ घरं उठवली, एकेकाला साकवावरून वर पाठवलं, आणि ती स्वतः साकवावर असताना ओढ्यानं तो नेला. हे तुला माहीत आहे. पण न लिहिता पुढचं कळणार नाही.

काल सकाळी दहाला मी घरं रिकामी करण्याचा सराव घेतला. सराव होणार हे सगळ्यांना माहीत होतं, दिवस नाही. फक्त वरच्या टोकाच्या सहादूबाबांना जाऊन सांगितलं, सगळ्यांना शाळेच्या पटांगणात बोलवा. मग वही घेऊन नव्या साकवावर येऊन बसले, पलीकडे निरोप कोण नेतं ते टिपायला. कुणीच गेलं नाही. खालच्या आळीत मोबाईलला रेंज नाही. तिथून शाळा दिसत नाही, आणि ओढ्याच्या आवाजात हाक पोचत नाही. दोन्ही मी नंतर स्वतः उभं राहून तपासलं. तरी दहा वाजून चौदा मिनिटांनी नऊही घरांची माणसं पोरंबाळं, गाठोडी, एक शेळी घेऊन साकवावर आली. सहादूबाबा पटांगणात हसत होते, “बघ पोरी, तुझ्या कंप्युटरपरीस आमी लई फास्ट!” मी एकेकाला विचारत गेले, तुम्हाला कुणी सांगितलं? आठ घरांनी बनुआजीकडे बोट दाखवलं. आजी दम खात बसली होती. म्हणाली, “भामानं. दारातनंच हाक मारली. म्हनलं, ये की आत. तर म्हनली, नगं, पाय वल्लं हायत.”

इथवरच असतं तर तुला लिहिलं नसतं. एक तळटीप देऊन मोकळी झाले असते. पण आजीनं पुढे आणखी एक वाक्य सांगितलं. ते मी तसंच उतरवून घेतलं, पदरचा एकही शब्द नाही: “आन् रश्मीला म्हनावं, बेस्तरवारी कुलूप काडू नको. पोरीला घिऊन तितं निजू नको.” काल मला याचा अर्थच लागला नाही, कारण तू गुरुवारी येणार हे प्रशांतशिवाय वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. आज तो बोलला आणि मी तशीच खाली गेले. तुमच्या घराभोवती दोनदा फिरले. भिंतीला तडा नाही, जमीन कुठे खचलेली नाही. पुरावा म्हणून माझ्याकडे काहीही नाही, रश्मी. पण हा निरोप तुझ्यासाठी आहे, आणि निरोपाच्या वाटेवर तुझ्या आधीचं घर माझं आहे. मी गप्प बसले तर तो इथेच थांबेल. ये, जरूर ये, पण माझ्याकडे उतर. माडीवरच्या खोलीत तुम्हा दोघींचं छान होईल. आणि पत्र वाचलंस की प्रशांतला लगेच मला फोन करायला सांग. बुधवारी मावशी विचारायला येणार आहे म्हणे, निरोप पोचला का ते. बनुआजीनं तिला माझं घर सांगून ठेवलंय.

तुझीच,
पूजा