दुसऱ्या चिपचं मॉडेल

मंगळवार, उंद्री. दिवेलागण.

जनावरं रोखायला कुंपणात झटका सोडणारं मशीन मी बनवतेय; त्याच्या रेग्युलेटर चिपचं, कॉम्प्युटरवर चाचणी घ्यायचं सिम्युलेशन मॉडेल आजही सापडलं नाही. शेवटी तिच्यासारख्याच दुसऱ्या चिपचं लावलं. स्क्रीनवर व्होल्टेज अगदी स्थिर! लगेच शेजारच्या काकांना सांगून बसले, मशीन उद्या न्या, कुंपणाला जोडा.

अंगणात बाबा सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळत होते, उगवण पाहायला. म्हटलं, "शेजारच्या काकांचं उगवलं ना? आपलं बी तेच वाण आहे."

"पेराचं आपलं, अन् तपासाचं त्याचं?"

मग मी दिवसभर काय तपासलं? ते गोणपाट डोळ्यांपुढून हलेना. काकांना फोन केला, उद्या नका येऊ.

"काऊन? बिघडलं का?"

"नाही काका. अजून तपासलंच नाही."