आप्पांच्या गाडीचा झटका

मंगळवार, संध्याकाळ

आजही सापडलं नाही. कवठे येमाईच्या आप्पांची ती लाल स्पोर्ट्स कार माझ्या गॅरेजमध्ये एकदम सुरळीत चालते आणि हायवेला लागली की मध्येच झटका खाते. प्लग बदलले, कॉइल बदलले, टाकीतला पेट्रोलचा पंपही बदलला. स्कॅनर एकही एरर दाखवत नाही. वेड लागायची पाळी आली आहे.

दुपारी बायकोला, सुनीताला, स्कॅनर घेऊन शेजारी बसवलं आणि गाडी सोलापूर हायवेला काढली. भांडगावजवळ ओव्हरटेक करताना झटका आला आणि इंजिन मेलंच. आरशात नुसता मागून येणारा ट्रक. कशीबशी कडेला घेतली. सुनीता एवढंच म्हणाली, "अहो, पोरं घरी वाट बघत्यात." तो आरसा डोळ्यांसमोरून हलत नाही. स्कॅनरवर तेव्हाही काही नव्हतं. मग मी शोधू तरी कुठं?

संध्याकाळी आप्पा गाडी न्यायला आले. आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला म्हणालो, "आप्पा, मला दोष सापडंना. आन् गाडी मी देणार न्हाई."

"गाडी माझी हाय," ते चिडले.

"व्हय, पण चालवती तुमची लेक." मग त्यांना ट्रकचं सांगितलं.

आप्पा टायरवर बसले. म्हणाले, "पोरगी कवाधरनं सांगत हुती, गाडी मधीच मरती म्हणून. मी म्हणायचो, तुलाच चालवता येत न्हाई."

चावी तिथंच ठेवून ते फोनवर लेकीचा नंबर लावत बाहेर गेले.