डाव्या पायाला काम नसलेली गाडी

आई, दोन गाड्या पसंत करून ठेवल्या आहेत आणि दोन्ही ठिकाणी सांगून आले आहे की उद्या संध्याकाळपर्यंत थांबा. गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, दोन्ही जुन्या, दोन्ही पळणाऱ्या. स्पोर्ट्स सेडान म्हणतात तसल्या, बुटक्या, रस्त्याला चिकटून चालणाऱ्या. धुळ्याची करडी, तिला हाताचे गिअर. इथली जळगावची पांढरी, ती ऑटोमॅटिक. ऑफिसात हसतात. ‘मॅडम, या वयात?’ म्हणतात. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने फार तर उंच, ऐसपैस, देवदर्शनाला जाणारी गाडी घ्यावी असं सगळ्यांचं मत. मी म्हटलं, विम्याची सर्व्हेअर म्हणून आयुष्यभर दुसऱ्यांच्या चेपलेल्या गाड्या मोजल्या, आता एक न चेपलेली स्वतःची चालवू दे. पण गंमत राहू दे बाजूला. हाताची की ऑटोमॅटिक, हे मला तीन आठवडे ठरवता येत नाहीये, आणि त्याला मायलेज, देखभाल वगैरे कारणं मी लोकांना देते. खरं कारण भुसावळची ती गाडी आहे. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, तिच्याबद्दल मी एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, आणि ती सांगितल्याशिवाय हे ठरणार नाही असं दिसतं.

बाबा गेल्यावर तू त्यांचा मोटार ट्रेनिंगचा बोर्ड उतरवला नाहीस. खाली फक्त ‘महिलांसाठी खास’ एवढं रंगवून घेतलंस. धुळ्यात आपल्या देवपुरातल्या बायका आधी हसल्या आणि मग एकेक करून आल्या. पांढरी आठशे, छपरावर लाल एल, आणि डावीकडे तुझ्या पायाशी आणखी एक क्लच, आणखी एक ब्रेक. शिकणारीचा पाय चुकला की तू तुझा क्लच दाबायचीस, आणि तिच्या पायाखालचं पेडल आपोआप खाली जायचं. बिचारीला वाटायचं, मीच दाबला. अशा कितीतरी बायका तुझ्या पायाने चालवत घरी गेल्या आणि नवऱ्याला ‘मला येते’ म्हणाल्या. मला शिकवताना मात्र तुझी जीभ पायापेक्षा जास्त चालायची. मी म्हणाले होते, ‘आई, क्लच खूप जड आहे या गाडीचा.’ तू बायकांशी पुस्तकी मराठी बोलायचीस, पण माझ्यावर चिडलीस की सरळ अहिराणीत शिरायचीस. ‘गाडीले काही जयं नही, तुना पाय जड शे. नाचता येईना, अंगण वाकडं!’ दुसऱ्या दिवशी पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट आणून समोर ठेवलेस. चपलेला क्लच कळत नाही, म्हणालीस. बोलून झाल्यावर काहीतरी आणून द्यायचं, ही तुझी पद्धत होती. ते बूट मी फाटेपर्यंत वापरले.

गेल्या रविवारी धुळ्याला करडी गाडी चालवून बघायला गेले. विकणारे गृहस्थ मारवाडी, तिसऱ्या पिढीपासून धुळ्यात, बोलायला गोड. ‘ताई, हाताच्या गिअरची गाडी म्हणजे चालवायची मजा. ऑटोमॅटिक म्हणजे नुसती बसायची. आणि क्लचप्लेट गेली तर इथला कुठलाही मिस्त्री संध्याकाळपर्यंत बदलून देईल. त्या दुसऱ्या गिअरबॉक्सला नाशिकच्या अलीकडे कोणी हात लावत नाही.’ त्यांना शेजारी बसवून मी लळिंगच्या घाटाकडे काढली. का काढली ते तुला सांगायला नको. तू प्रत्येकीची शेवटची परीक्षा तिथेच घ्यायचीस, चढावर मध्येच थांबवून, हँडब्रेकला हात न लावता. चढावर पुढे कापसाचा ट्रक रांगत होता, तो थांबला, मीही थांबले. पुन्हा निघताना क्लच सोडायला घाईच झाली, इंजिन धडधडायला लागलं, आता बंद पडणार, आणि तेवढ्यात पेडल माझ्या पायाखालून खाली गेलं. मी दाबलं नव्हतं. मी शपथेवर सांगते, मी दाबलं नव्हतं. गाडी सावरली, अलगद उचलली गेली, ट्रकच्या मागे लागली. मी डावीकडे पाहिलं. मारवाडी गृहस्थ मोबाइलमध्ये बघत होते आणि त्यांच्या पायाशी साधी रबरी चटई होती.

हे पहिल्यांदा झालं नाही. तू गेल्यापासून मी जितक्या हाताच्या गाड्या चालवल्या, त्या प्रत्येकीत कधी ना कधी झालं आहे. नसिराबादजवळ ट्रॅक्टर आडवा आला तेव्हा, जामनेरच्या रस्त्यावर झोप येत होती तेव्हा. मला माझा व्यवसाय कळतो, सवयीने पाय जातो हेही कळतं. तरी माझा पाय आणि तुझा पाय यातला फरक मला कळतो, आई. तुझा पाय आधी थोडा थांबतो आणि मग एकदम दाबतो, चिडल्यासारखा. तो आला की मानेवर काटा येतो, आणि तो आला याचं बरंही वाटतं. दोन्ही एकाच वेळी.

मग बुधवारी इथली पांढरी चालवली. मेहरूण तलावाला वळसा घालून हायवेला लागले आणि विकणाऱ्याला विचारलं, भुसावळपर्यंत जाऊ का? तो म्हणाला, जा की. आई, गाडी अशी पळते की गिअर कधी बदलला ते पोटातल्या पाण्याला कळत नाही. पायाशी दोनच पेडल, आणि डाव्या पायाला टेकायला एक उतरती पट्टी. माझा डावा पाय त्या पट्टीवर पडून राहिला. सुरुवातीला दोनदा नसलेला क्लच दाबायला गेला आणि आपटला. मग गप्प झाला. साकेगावच्या पुढे एका रिक्षाने अचानक वळण घेतलं, मी ब्रेक मारला, गाडी थांबली, पुन्हा निघाली. कोणी मदतीला आलं नाही, यायला जागाच नव्हती. आणि त्या पट्टीवर पडलेल्या पायाकडे बघताना मला तुझा पाय दिसला, आमच्या गॅलरीत प्लास्टिकच्या स्टुलावर लांब करून ठेवलेला.

वीस-बावीस वर्षं तू दुसऱ्यांचे क्लच दाबलेस आणि तुझा डावा गुडघा संपला. साखर आणि हृदय दोन्हींमुळे डॉक्टर ऑपरेशनला नको म्हणाले. आठशे विकलीस, बोर्ड उतरवलास आणि माझ्याकडे जळगावला राहायला आलीस. मग वर्षभर रोज काही ना काही. ‘उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेशील का?’ ‘रविवारी मावशीकडे नेशील का?’ जन्मभर हुकूम सोडणारी बाई, ‘नेशील का’ म्हणायला शिकली होती. मी न्यायचे. तू डावीकडे बसायचीस आणि तुझा पाय चटईवर नसलेल्या पेडलवर दाबायचीस, मी ते बघायचे आणि बोलायचे नाही. मग एक दिवस तू वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणालीस, ‘ऑटोमॅटिक गाडीला डावा पाय लागत नाही म्हणे. उजवा तर माझा चांगला आहे.’ भुसावळला तुझी एक जुनी विद्यार्थिनी राहत होती, धुळ्याला कॉलेजात असताना शिकून गेलेली. तिच्या नवऱ्याची बदली झाली होती आणि त्यांना त्यांची छोटी ऑटोमॅटिक विकायची होती. तुझे पैसे तुझ्याकडे होते. तू फक्त म्हणालीस, ‘एकदा तू बघून ये. गाडीतलं तुला जास्त कळतं.’ असं तू मला त्याआधी कधी म्हणाली नव्हतीस.

मी गेले. गाडी एकाच मालकाने वापरलेली, कुठे ठोकलेली नाही, रंग मूळचा. मी कॉलनीत दोन चकरा मारल्या. त्या बाई फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, ‘अक्का घेणार असतील तर आम्ही महिनाभरही थांबू. त्यांच्यामुळे मी चालवते.’ मी म्हटलं, कळवते. आणि घरी येऊन, चपला काढता काढता, तुला सांगितलं की गाडी कालच विकली गेली.

तू चष्मा काढलास. ‘इकाई गयी का? बरं, जाऊ दे.’ एवढंच. मी दुसरी शोधू म्हणाले, तू हो म्हणालीस, आणि ना मी शोधली ना तू आठवण केलीस. पण त्याच आठवड्यापासून तू मला ‘नेशील का’ विचारणं बंद केलंस. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याचा नंबर तू स्वतःच्या वहीत लिहून घेतलास. तो फाटकाशी येऊन हॉर्न द्यायचा, तू काठी टेकत जिना उतरायचीस, आणि मी गॅलरीत गाडीची किल्ली हातात घेऊन उभी राहायचे. ‘अगं, मी सोडते ना!’ म्हटलं की तू वर न बघता म्हणायचीस, ‘तुझं काम असेल.’ तीन वर्षं तू रिक्षाने फिरलीस. शेवटी दवाखान्यातही रिक्षानेच गेलीस आणि मला नंतर फोन आला.

तेराव्याला त्या भुसावळच्या बाई आल्या होत्या, बदलीच्या गावाहून. ताट पुढे घेऊन बसल्या असताना त्या अगदी सहज म्हणाल्या, ‘तुमचा निरोप नाही आला म्हणून चार दिवसांनी मीच अक्कांना फोन केला होता तेव्हा. गाडी नको का म्हणून.’ मी विचारलं, काय म्हणाली ती? बाई म्हणाल्या, ‘त्या म्हणाल्या, पोर भीस मनी. रोज अपघातच बघते ती. तिला नाही म्हणवलं नाही, जाऊ दे.’ म्हणजे तुला चार दिवसांत कळलं होतं. तीन वर्षं माहीत असून तू माझ्या घरात राहिलीस, माझ्या हातचं जेवलीस, आणि त्यांना सांगितलंस की माझी पोर घाबरते.

इथवर लिहून उठले, चहा केला, आणि दोन्हीकडे फोन करून टाकले. धुळ्याच्या गृहस्थांना नाही म्हटलं. ते हळहळले, म्हणाले, ‘ताई, घाटात तर तुम्ही काय सुंदर उचलली होती गाडी.’ काय सांगणार त्यांना, कोणी उचलली ते! मला ती करडी गाडी फार आवडली होती. पण तिच्यात मी पुन्हा तुझी शिकाऊ होते, माझा पाय चुकतो आणि तू सांभाळून घेतेस, आणि शिकाऊ माणसाला सगळं माफ असतं. अकरा वर्षं मी तेच करत आले. आता पुरे. पांढरी घेतली. परवा ताबा मिळेल.

तुझ्या धाकट्याला पुण्याला फोन केला तर तो भरल्या आवाजात म्हणाला, ‘ताई, आईची ऑटोमॅटिकची इच्छा तू पूर्ण केलीस बघ.’ मी हो म्हटलं. तेवढ्यावर फोन संपवला. त्यालाही मी तेव्हा विकली गेली म्हणूनच सांगितलं होतं आणि आजही तेच राहू दिलं. हा कागदही त्याच्या हाती लागू देणार नाही. तुला पाठवायचा तर पत्ता नाही, आणि असता तरी पाठवला असता की नाही, मला खात्री नाही, कारण मुख्य गोष्ट अजून लिहायचीच आहे.

मला भीती वाटली नव्हती, आई. गाडी चांगली होती, तुझा उजवा पाय चांगला होता, आणि तू माझ्यापेक्षा चांगली चालवली असतीस हे मला त्या कॉलनीतल्या दुसऱ्या चकरेलाच कळलं होतं. तू माझ्यासाठी जे कारण शोधलंस ते खोटं आहे. तू मला ‘नेशील का’ विचारत होतीस, ते मला आवडायला लागलं होतं.