वीतभर माती

२ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून रोज रोजनिशी लिहिणार. नेमणूक पक्की: माती नोंद अधिकारी. शेतांखालून मोठा पाइप जाणार आहे. त्याआधी प्रत्येक शेतात भोक पाडून सुपीक माती किती खोल आहे ते मोजायचं, नमुना पिशवीत भरायचा, आत चिठ्ठी टाकायची. खोदताना तेवढी माती वेगळी काढून ठेवतील आणि पाइप पुरला की परत वरच पसरतील. खालचा मुरूम वर आला तर शेत गेलंच म्हणायचं. थोडक्यात, एवढा मोठा प्रकल्प माझ्या शब्दावर उभा आहे. एक्केचाळीस शेतं. दिवसाला चार धरली तर अकरा दिवसांत काम फत्ते. कालच नवं जेल पेन घेतलं.

३ फेब्रुवारी
एक शेत झालं. भोक पाडायचं गिरमिट हाताने फिरवावं लागतं, हे मुलाखतीत कुणी बोललं नव्हतं.
जीपचा ड्रायव्हर अशा कामांवर पूर्वी होता. म्हणाला, साहेब, माती ओली असते, चिठ्ठी पेन्सिलीनं लिहितात. आणि आकडा तिथल्या तिथे रजिस्टरात पण चढवतात. त्याला समजावलं की पेन्सिल चौथीत सुटते. रजिस्टर शेवटी एकदम भरणार, सुवाच्य अक्षरात. तो गप्प बसला. पटलं असावं.

११ फेब्रुवारी
नऊ शेतं. उद्यापासून दिवसाला सहा.

१२ फेब्रुवारी
कंबर धरली. विश्रांती हाही कामाचाच भाग.

१८ फेब्रुवारी
दादाचा फोन. आपल्या शेताची पाळी कधी, म्हणाला. आमचं वडिलोपार्जित शेत दादाच करतो, यादीत ते शेवटचं आहे. दोन फूट तरी माती आहे रे, नीट लिही, म्हणाला. खरं आहे. बाबांनी आणि त्याने अठरा उन्हाळे तळ्यातला गाळ आणून टाकला. मी तेव्हा शिकत होतो. त्याला म्हटलं, घरचाच माणूस मोजणार आहे, निर्धास्त राहा. म्हणाला, म्हणूनच निर्धास्त आहे.

२७ फेब्रुवारी, दुपारी ४
चाळीस झाली! आज दादाचं शेत. गिरमिट वीतभर आत गेलं, काळी माती लागतच होती. तेवढ्यात वहिनीने जेवायला हाक मारली. ताट वाढलेलं होतं, गरम होतं. सध्यापुरतं वीस सेंटिमीटर लिहायचं ठरवलं. पेन नेमकं तेव्हाच संपलं, मग वहिनीने तिची हिशेबाची पेन्सिल दिली. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, अजून जातंय की खाली. म्हटलं, माझ्या लक्षात आहे. जेवणानंतर जरा आडवा झालो. उरलेलं उद्या.

२८ फेब्रुवारी
कंबर.

५ मार्च
रजिस्टर भरायला बसलो. पिशव्या उघडल्या. चाळीस चिठ्ठ्यांवर निळसर डाग, बाकी काही नाही. हल्ली पेनं काय दर्जाची काढतात. एकच चिठ्ठी स्वच्छ वाचता येते: दादाची, पेन्सिलीतली. ड्रायव्हर दारात उभा होता. काहीच बोलला नाही. त्याचा हा स्वभाव मला आवडत नाही.

७ मार्च
मोठ्या साहेबांनी बोलावलं. अर्धा तास जे काही ऐकवलं ते इथे उतरवत नाही. निर्णय असा: जिथे नोंद नाही तिथे खबरदारी म्हणून दोन फूट माती वेगळी काढायची. जिथे नोंद आहे तिथे नोंदीप्रमाणे. मग चिठ्ठी वर धरून म्हणाले, हे एक तरी नक्की मोजलंय ना? चाळीस ठिकाणी तोंडघशी पडलेल्या माणसाने एक्केचाळीसाव्या ठिकाणी जेवण वाढलं होतं म्हणून सांगायचं? शंभर टक्के, म्हटलं. सही केली.
नोंदीत दुरुस्ती करायची मुदत पंधरा तारखेपर्यंत आहे. आठ दिवस हातात.

१० मार्च
फोनवरही सांगता येईल. पण अशा गोष्टी समक्षच बऱ्या.

१३ मार्च
साहेबांच्या केबिनपर्यंत गेलो. मूड बरा दिसला नाही. घरी ही म्हणाली, तुमचा चेहरा असा का झालाय? ऊन, म्हटलं.

१५ मार्च, संध्याकाळी ६
ऑफिस पाचला बंद होतं हे ध्यानातच राहिलं नाही. खोदणारे मशीनवाले अनुभवी असतात. काळी माती दिसल्यावर आपणहून थांबतील.

१९ मार्च
थांबले नाहीत.
शेजारच्या माळावर निव्वळ दगडगोटे. त्याची नोंद नाही, म्हणून तिथले दोन फूट दगड जपून वेगळे रचून वर ताडपत्री घातली आहे. दादाच्या शेतात वीतभर माती बाजूला आणि त्याखालचं सगळं, काळं आणि मुरूम, एकाच ढिगात. दादाने मशीन अडवलं होतं. ऑपरेटरने कागद दाखवला. खाली माझी सही बघून दादा स्वतःच बाजूला झाला आणि म्हणाला, चालू द्या. हे ड्रायव्हरने सांगितलं. मी जीपमध्ये होतो.

२० मार्च
दादाकडे गेलो. सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. वाक्यही पाठ केलं होतं.
तो बांधावर बसला होता. चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, खाली बरंच काळं दिसत होतं रे. पण काळं दिसतं ते सगळं कामाचं नसतं, असंच काहीतरी शास्त्र असेल ना? मी ढिगाकडे बघितलं. मग म्हटलं, हो, तसंच असतं. त्याने मान डोलावली. म्हणाला, मग बाबांनी आणि मी अठरा वर्षं उगाचच गाळ ओढला. तुला आधी विचारायला हवं होतं.
मला रडू येत होतं. त्याला वाटलं धूळ गेली, म्हणून पाणी आणायला उठला.
वहिनीची पेन्सिल खिशातच होती. परत द्यायची राहिली.