आरोहीसाठी शाळा पाहून आलो

राजूर

सौ. वर्षा हिले राजकुमारचा मायेचा रामराम.

मी मजेत आहो. खाणीतल्या धुळीचा खोकलाही आता कमी आहे. याडीचे गुडघे अजून दुखतात का? मायले जपून चालाले सांग.

जूनमध्ये तुम्ही इथं येणार, म्हणून काल शाळा पाहाले गेलतो. शेजारच्या अंगणवाडीच्या ताईनं सांगतलं होतं, "इमारत पाहू नका, वर्गात बसून पोरं पाहा." इंग्रजी शाळेत पहिलीतली पोरं टाय लावून घडाघडा कविता म्हणत होती. एका पोरीले मी अर्थ इचारला, तर ती हळूच म्हणे, "काका, मराठीत बोललं तर टीचर उभं करते."

मग सरकारी शाळेत गेलो. तिथं एकच गुरुजी दोन वर्ग सांभाळत होते. कल्ला लय होता, पण पोरं हासत होती, गुरुजीले प्रश्न इचारत होती.

आता माह्यं डोकंच चालेना. ते इंग्रजी खरंच चांगलं होतं, का मले येत नाही म्हणून चांगलं वाटलं, हेच समजून नाही राह्यलं. तुले काय वाटते?

सुट्टीत येतो अन् आरोहीले इथं आणून दोन्ही शाळा दाखवतो. तोवर कोणती चांगली, हे तिनं इचारलं तर बाबालेही माहीत नाही म्हणून सांग.

तुहाच,
राजकुमार