मामांनी चूळ भरली ते पाणी

सोम., २९ ऑक्टो. २००७
दुपारी हसनाबादहून बाबांचा फोन. बदनापूरचं स्थळ आलंय. पोरगी बारावी, नाव वर्षा. त्यांनी विचारलं पोरगा काय करतो, तर बाबांनी सांगितलं, पुण्याला पाण्याच्या प्लँटवर आहे. खोटं न्हाई. पण कुठलं पाणी ते सांगितलं न्हाई. म्हणलं, बाबा, टॉवरमधल्या फ्लॅटांच्या संडास-मोरीचं पाणी साफ करतो मी. ते म्हणे, "मला म्हाईत नसंल का? आधी पोरगा दाखवू, मंग प्लँट." अन् फोन ठेवला.

गुरु., १ नोव्हें.
आज पाणी गाळायचे मेंबरेन धुतले. युसुफचाचा पडदे म्हणतात. (चाचा जुन्या जालन्याचे. त्यांनीच मला इथं आणलं, हाताला धरून शिकवलं.) मला ते पडदे दिसतच न्हाईत, वाळत घातलेल्या शेवया दिसतात. पांढऱ्या, बारीक, आतून पोकळ. पंप आतून ओढतो, पाणी शेवईत शिरतं, घाण बाहेर राहते. पहिल्या दिवशी चाचांनी निघालेलं पाणी काचेच्या ग्लासात धरून दाखवलं होतं, हे तेच पाणी म्हणून मला पटलंच न्हाई.
हॉटेल सोडलं, ट्रकची क्लीनरकी सोडली, कापसाचं जिनिंग सोडलं. इथंच कसं मन लागलं काय की. चाचांमुळं असंल.

शुक्र., ९ नोव्हें., लक्ष्मीपूजन
टॉवर रिकामा, समदे गावी. घाणच येईना तर टाकीतले जंतू खातील काय? घाण खाणारे तेच. ते मेले की प्लँट मेला. चाचांनी गूळ आणला, मी गोठ्यावरून शेण. बादलीत कालवून सोडलं टाकीत. खाली फिरणारी एक आजी थांबली, "पूजा आहे का रे?" चाचा म्हणे, "हौ अम्मा, हमारे जनावरां की दिवाली है." हसून हसून पोट दुखलं.
बदनापूरला परवा बोलावलंय. पण दोघांतलं एक जण इथं पाहिजेच. मी विचारायच्या आधीच चाचा म्हणे, "तू जा. बकरीद कू मैं जातूं, तब तू रुक." एवढंच.

रवि., ११ नोव्हें., बदनापूर
भाऊबीज म्हणून वर्षाचे मामाबी तिथंच. वडील गप, बोलणार मामा. "एका जागी टिकतो का रे? आमी तर वेगळंच ऐकलं." म्हणलं, आता टिकलो. बाबा पोह्यांत बघत बसले.
मंग आमाला दोघांला ओसरीवर बसवलं. तिनं सरळच इचारलं.
"पाणी कशाचं हो? नळाचं?"
"न्हाई. संडासाचं."
तिनं ओढणी सारखी केली. मंग, "वास येतो?"
"बराबर चाललं तर न्हाई."
मी हसलो, ती न्हाई हसली. म्हणे, "मामाला आज सांगू नका. तो येणारच आहे तुमचं काम बघायला. आधी बघू द्या त्याला."
उठून गेली असती तरी चाललं असतं तिला. गेली न्हाई.

रवि., २५ नोव्हें.
मामा आले. बाग बघितली, खूश. हौद बघितला. साफ झालेलं पाणी त्यात पडतं, तळ दिसतो. मी चहा सांगायला वर गेल्तो, चाचा पंपापाशी. खाली येतो तर मामा हौदावर वाकून तोंड धुऊ राह्यले. प्रवासाची धूळ. वर चूळ!
"मामा, थुंका!"
थुंकले. "काय झालं रे? एवढी कंजुसी पाण्याची?"
सांगावंच लागलं.
रुमालानं जीभ पुसली त्यांनी. चाचा म्हणले, "घाबरू नका मामा, हे झाडाला अन् फ्लशला जातं. पिण्याचं न्हाई, पण साफ आहे." मामा म्हणे, "नवरदेव बघायला आल्तो मी. संडासाच्या पाण्यानं चूळ भरून चाललो. बहिणीला काय सांगू?" चहाला हात लावला न्हाई. रिक्षा केली, गेले.
संपलं. चाचा म्हणे, सबर कर.

गुरु., २९ नोव्हें.
वर्षाचा फोन, भावाच्या मोबाईलवरून. मामा पुण्याहून आल्यापासून घरात मुके बसलेले. काल जेवताना एकदम म्हणले, "तोंडात घेतलं तरी मला कळलं न्हाई." आईनं आपलं ताट बाजूला सारलं. वडील म्हणले, मंग मला बघायचंय. रविवारी वडील अन् मामा, दोघं येऊ राह्यले.
कोणाकोणाचे उपकार मानू. तिचे, चाचांचे, मामांच्या जिभेचे. टाकीतल्या त्या न दिसणाऱ्यांचेबी.

शनि., १ डिसें.
सकाळी लाईट गेली. जनरेटर चालू होईना, बॅटरी उतरलेली. टाकीची हवा संध्याकाळपर्यंत बंद. हवा न्हाई तर जंतू गुदमरतात. गाळ काळा पडला, सडक्या अंड्याचा वास पार बागेपर्यंत. आजच!
म्हणलं, चाचा, पुढच्या रविवारी या म्हणून फोन करू?
"तेरी मर्जी."
फोन हातात घेतला. ठेवला. आज टाळलं तर आयुष्यभर लाईट जाऊ नये म्हणून देवाला हात जोडत बसावं लागंल.

रवि., २ डिसें., सकाळ
हवा चालूच आहे. गाळ परत चॉकलेटी होऊ राह्यला. वास कमी झाला, गेला न्हाई. चाचांनी हौदावर उदबत्ती लावली, मी विझवली. चाचा माझ्या पाठीवर थाप मारून पंपाकडं गेले.
आत्ता वॉचमनचा फोन. पाव्हणे आलेत तुझे.
"दोघं ना?"
"तिघं. एक बाई आहे, नाकाला कायतरी धरून उभीय."
"काय धरून? पदर का ओढणी?"
"तूच येऊन बघ की."
पदर असला तर आई, ओढणी असली तर वर्षा.
चाललो.